शाळांचा लेखा गावापुढे वाचला जावा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जिल्हा परिषदेच्या शाळांविषयी आपल्या वर्तमानपत्रात साधारणपणे दोन प्रकारच्या बातम्या वाचायला मिळतात. एका प्रकारात पट घसरलेली, शिक्षक नसलेली, छपराचे पत्रे उडालेली शाळा असते. दुसऱ्या प्रकारात एखाद्या धडपड्या शिक्षकाने लोकवर्गणीतून नावारूपाला आणलेली शाळा असते. दोन्ही बातम्या खऱ्या असतात आणि दोन्ही छापल्या गेल्याच पाहिजेत. तथापि या दोहोंच्या मध्ये जी व्यवस्था आहे, म्हणजे दहा-बारा गावे, वाड्या आणि तांडे मिळून होणारे शाळांचे केंद्र, त्याचा कारभार कसा चालतो आणि त्यातून मुलांच्या पदरात नेमके काय पडते, याविषयी फारसे लिहिले जात नाही. बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात राहणारा एक पालक आणि शाळा व्यवस्थापन समितीत काम केलेला नागरिक या नात्याने मी त्याविषयी लिहीत आहे.

राज्य शासनाने १९९४ साली केंद्रप्रमुखाचे पद निर्माण केले आणि राज्यभरात ४,८६० केंद्रे ठरवली. एका केंद्रीय शाळेभोवती आसपासच्या शाळा जोडायच्या, केंद्रप्रमुखाने त्या शाळांना नियमित भेटी द्यायच्या, शिक्षकांची दरमहा शिक्षण परिषद घ्यायची, नव्या शिक्षकाला हाताशी धरून शिकवायचे आणि अडचण असेल ती गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवायची, अशी ती रचना आहे. जिल्ह्याचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि शिक्षणाधिकारी यांच्यापुढे हजारो मुलांचे आकडे असतात. तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढेही आकडेच असतात. चौथीतल्या कोणत्या मुलाला अजून जोडाक्षरे वाचता येत नाहीत हे नावानिशी माहीत असू शकेल असा वर्गाबाहेरचा एकमेव अधिकारी केंद्रप्रमुख आहे. म्हणूनच शाळांच्या कारभाराची खरी परीक्षा केंद्राच्या पातळीवर होते, असे माझे मत आहे.

आणि नेमके हेच पद वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिले. अनेक ठिकाणी एखाद्या मुख्याध्यापकाकडे किंवा ज्येष्ठ शिक्षकाकडे केंद्राचा प्रभार असतो, म्हणजे त्याचा स्वतःचा वर्ग उघडा पडतो आणि केंद्रही धड सांभाळले जात नाही. आमच्या भागात तर एकाच व्यक्तीकडे शेजारच्या दुसऱ्या केंद्राचा कारभार दिलेला आम्ही पाहिला आहे. २०२३ मध्ये या पदाच्या २,३८४ जागांसाठी विभागीय स्पर्धा परीक्षेची जाहिरात निघाली, पण ती परीक्षा त्या वर्षी होऊ शकली नाही. प्रभारी केंद्रप्रमुख प्रामाणिक असतात, त्यांच्या धावपळीबद्दल मला आदरच आहे. परंतु त्यांचा बहुतेक वेळ वरून मागवलेली माहिती खालून गोळा करून वर पाठवण्यात जातो. शाळाभेटीत वर्गात बसून मुलांचे वाचन ऐकायला अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ, अशी त्यांची स्थिती आहे.

शाळेच्या आतले चित्र एका उदाहरणाने सांगतो. आमच्या केंद्रातील एका वाडीवरची शाळा पहिली ते चौथीपर्यंत आहे, खोल्या दोन आणि शिक्षक दोन, एक गुरुजी आणि एक बाई. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत बसते. ज्या दिवशी गुरुजींना प्रशिक्षणाला, पंचायत समितीत किंवा मतदार यादीच्या कामाला जावे लागते, त्या दिवशी बाई चारही वर्ग एका खोलीत घेतात. फळ्याचे खडूने दोन भाग करून एकीकडे पाढे आणि दुसरीकडे धड्यातले शब्द लिहून देतात, मोठ्या मुलांना ते उतरवायला सांगतात आणि लहान मुलांच्या जवळ जाऊन बसतात. मधल्या वेळेत पोषण आहाराचा तांदूळ मोजून द्यायचा, दर मुलामागे १०० ग्रॅम, मग जेवलेल्या मुलांची संख्या मोबाइलवर भरायची. डोंगराआड रेंज नसल्याने त्यासाठी बाई शाळेमागच्या टेकाडावर जातात. इतके होईतो दुपारचे सत्र निम्मे संपलेले असते. हा एखाद्या दिवसाचा अपवाद असता तर लिहिण्याचे कारण नव्हते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असले पाहिजेत, हे त्याच्या अनुसूचीत लिहिलेले आहे. मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून अधिक पदे रिक्त ठेवू नयेत, असे कलम २६ सांगते. दोन शिक्षकांच्या शाळेत एक जागा रिकामी राहिली की ते प्रमाण थेट ५० टक्के होते, हे मात्र जिल्ह्याच्या सरासरीत कुठेच दिसत नाही. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत, असे कलम २७ मध्ये आहे. निवडणुकीच्या त्या अपवादात मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे, म्हणजे मतदार यादी सांभाळण्याचे, वर्षभराचे काम बसवले जाते आणि दोन शिक्षकी शाळेला त्याची सर्वाधिक झळ बसते. त्यात १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करण्याचे, निकष बदलले. ज्या प्राथमिक शाळेचा पट २० पर्यंत आहे तिथे एक नियमित शिक्षक निश्चित आणि दुसरा आवश्यकतेप्रमाणे, शक्यतो सेवानिवृत्तांमधून, असे सूत्र आले. चार इयत्ता आणि एक कायम शिक्षक ही स्थिती डोंगरपट्ट्यातल्या वाडीला आणि तांड्याला कायमची मागे ठेवणारी आहे, असे मला स्पष्टपणे वाटते.

पटाचे आकडे कडकपणे तपासले जाऊ नयेत, असे माझे म्हणणे नाही. खोट्या पटाचा प्रश्न मराठवाड्यानेच राज्यापुढे आणला. नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांच्या कारकिर्दीत झालेल्या पडताळणीनंतर शासनाने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर पटपडताळणी केली आणि कागदावरची मुले उघडी पडली. ते काम योग्यच होते. आता पट आधारशी जोडला गेला आहे. पण ज्याच्या आधारमध्ये नावाचे एखादे अक्षर किंवा जन्मतारीख चुकली आहे ते मूल रोज वर्गात बसूनही संचमान्यतेत मोजले जात नाही, आणि ती चूक दुरुस्त करायला त्याच्या आईबापाला मजुरी बुडवून तालुक्याला खेटे घालावे लागतात.

ऊसतोडीचा प्रश्न तर याहून खोल आहे. शाळेचा पट ३० सप्टेंबरचा धरला जातो. आमच्याकडची कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे ज्या तारखेला शाळा मोजली जाते त्या तारखेला ती भरलेली असते, आणि वर्षाच्या ऐन अभ्यासाच्या पाच महिन्यांत तिथले काही बाक रिकामे असतात. सरकारी कागदात ही मुले शाळेत आहेत. प्रत्यक्षात ती फडात धाकट्या भावंडाला सांभाळत आहेत. मुले गावातच आजी-आजोबांकडे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे आणि जाणाऱ्या मुलांना तिकडच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. दोन्ही कल्पना चांगल्या आहेत. परंतु आमच्या भागात वसतिगृहाची मंजुरी येईपर्यंत गाड्या निघून गेलेल्या असतात, आणि एकदा आईबापांबरोबर गेलेले मूल मंजुरीनंतर परत आणणे जवळजवळ अशक्य असते. ही मंजुरी गणेशोत्सवापूर्वी झाली तरच तिचा उपयोग आहे. किती कुटुंबे जाणार हे गावात सगळ्यांना ऑगस्टमध्येच ठाऊक असते. ज्यांनी ठरवायचे त्यांनी विचारायला हवे, इतकेच.

पैशाचा भाग थोडक्यात सांगतो. समग्र शिक्षा अभियानातून ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये आणि ३१ ते १०० पटाच्या शाळेला २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान ठरलेले आहे. वीजबिल, खडू-कागद, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती असे सगळे त्यातून भागवायचे. वाडीवरच्या शाळेचे वीजबिल शिक्षकांनी पदरचे पैसे घालून भरल्याचे मी पाहिले आहे. गणवेशाचा अनुभवही आठवण्याजोगा आहे. २०२४-२५ मध्ये गणवेशाची खरेदी राज्यपातळीवर एकत्र करण्यात आली, कित्येक शाळांत गणवेश उशिरा आणि मापात न बसणारे पोहोचले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये शासनाला तो अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावा लागला. कोणत्या मुलाला कोणत्या मापाचा सदरा लागतो हे गावातल्या शिंप्याला कळते. शासनाने चूक सुधारली हे चांगले झाले. हाच न्याय इतर बाबींतही लावावा, असे सुचवावेसे वाटते.

शाळा व्यवस्थापन समितीविषयी मात्र आम्हा पालकांनाच काही प्रश्न विचारले पाहिजेत. कायद्याने या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. शाळा विकास आराखडा तयार करणे, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे, शिक्षक वेळेवर येतात की नाही ते पाहणे ही तिची कामे आहेत. प्रत्यक्षात कित्येक गावांत ठरावाची वही घरोघरी फिरते. महिला सदस्याच्या घरी वही गेली की ओट्यावरच अंगठा किंवा सही घेतली जाते, आणि कशावर सही केली हे त्या माउलीला सांगितले जात नाही. शाळेत येऊन दोन शब्द विचारावेत असे तिला वाटत असते, पण बैठक होतच नाही. ज्या गावांत बैठक खरोखर होते तिथे शाळा सुधारते, हे आमच्या केंद्रात दोन शेजारच्या गावांकडे पाहूनच कळते: तीच जमीन, तोच दुष्काळ, शिक्षकही त्याच पात्रतेचे, आणि तरीही एका गावची मुले चौथीत गोष्ट वाचून तिचा अर्थ सांगतात, तर दुसऱ्या गावची अनेक मुले अक्षरावर अक्षर जोडत थांबतात. निजामी राजवटीत हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे लोकांनी राष्ट्रीय शिक्षणाच्या शाळा चालवल्या, स्वामी रामानंद तीर्थांनी तिथे अध्यापन केले. त्या मराठवाड्यात शाळा ही गावाची आहे ही भावना नव्याने शिकवावी लागू नये.

आता मुद्दा शाळांच्या गुणवत्तेचा. ‘लातूर पॅटर्न’ साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण तो बारावीच्या टोकाचा आहे. पायाकडे पाहण्याची आपली पद्धत फार ढोबळ आहे. ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ या केंद्र सरकारच्या मूल्यमापन संस्थेचे राष्ट्रीय सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीसाठी झाले. त्यातून जिल्हा कुठे आहे ते कळते, आमचे गाव कुठे आहे ते कळत नाही. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेचे ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून होत आले आहे, तेही निवडक गावांचे असते. ‘निपुण’ अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत अंकगणित यावे असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याच्या चाचण्या शाळेत होतात, गुण पोर्टलवर चढतात आणि वरिष्ठांच्या बैठकीत टक्केवारी मांडली जाते. ज्या आईचे मूल त्या टक्केवारीत आहे तिला कोणी काही सांगत नाही. तिला प्रगतीपुस्तकात श्रेणी दिसते, आणि त्या श्रेणीवरून मूल वाचते की नाही ते कळत नाही. ज्यांच्या घरी बंजारा बोली बोलली जाते त्या तांड्यावरच्या मुलांच्या बाबतीत तर पहिल्या दोन वर्षांत मूल अडते आहे कशामुळे, भाषेमुळे की गैरहजेरीमुळे, हेही नोंदवले जात नाही.

म्हणून माझी मागणी एकच आहे. प्रत्येक केंद्राने वर्षातून एकदा आपल्या शाळांचा लेखा साध्या मराठीत तयार करावा आणि तो केंद्रातल्या प्रत्येक गावी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा. सातबाऱ्याचे चावडीवाचन होते आणि नोंद चुकली असेल तर माणूस तिथेच उठून सांगतो, तसेच याचेही व्हावे. या लेख्यात आधी शासनाने काय दिले ते यावे: मंजूर शिक्षक किती, प्रत्यक्ष किती, ते कोणत्या कामासाठी किती दिवस शाळेबाहेर होते, अनुदान किती आले आणि कोणत्या महिन्यात आले, केंद्रप्रमुख कायम आहे की प्रभारी. त्यानंतर ३० सप्टेंबरचा पट आणि जानेवारीतली प्रत्यक्ष हजेरी शेजारी-शेजारी लिहावी, म्हणजे स्थलांतर लपणार नाही. आणि शेवटी, तिसरी ते पाचवीतल्या किती मुलांना एक उतारा समजून वाचता येतो, किती मुलांना हातच्याची वजाबाकी आणि साधा भागाकार येतो, ते सांगावे. मुलांची नावे घेऊ नयेत. पण प्रत्येक पालकाला आपल्या मुलाविषयी वेगळे, शांतपणे सांगितले जावे. ही तपासणी शेजारच्या केंद्रातील शिक्षकांनी करावी, म्हणजे कोणाला आपलेच गुण वाढवण्याचा मोह होणार नाही आणि शिक्षकांनाही दुसऱ्याचा वर्ग पाहायला मिळेल.

यासाठी नवा कायदा लागत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ प्रमाणे सार्वजनिक प्राधिकरणाने माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची असते, आणि यातली जवळजवळ सगळी माहिती शाळा आजही यू-डायस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर आणि इतर पोर्टलवर भरतच असते. नवे काही असेल तर ते इतकेच की, वर जाणारी माहिती गावाकडेही यावी. दिवसही मी सुचवतो: १ मे. त्या दिवशी शाळेत निकाल वाटला जातो, ध्वजारोहणाला गाव जमते, ग्रामसभाही घेतली जाते, आणि मुख्य म्हणजे कारखान्यांवर गेलेली कुटुंबे तोपर्यंत परतलेली असतात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ज्यांच्या मुलांचा प्रश्न सर्वांत बिकट आहे तेच पालक नसतात.

शिक्षक बांधवांना अशा लेख्याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याला उभे करून जाब विचारला जाईल, अशी त्यांची शंका असेल. म्हणूनच लेख्याची सुरुवात शासनाने काय दिले इथून व्हावी, असा माझा आग्रह आहे. चार वर्ग एकटीने सांभाळणाऱ्या बाईंचे श्रम गावापुढे प्रथमच आकड्यांत मांडले जातील आणि दुसरा शिक्षक मिळावा म्हणून गाव त्यांच्या पाठीशी उभे राहील. काही गावांत कामचुकारपणाही उघडा पडेल. तो पडलाच पाहिजे. लोकप्रतिनिधींचीही यात जबाबदारी आहे. मार्च २०२२ मध्ये मराठवाड्यातील जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती कारभार राहिला, त्या काळात शिक्षण समितीच्या बैठकीत आमच्या वाडीवरच्या शाळेचा प्रश्न विचारायला निवडून आलेला एकही सदस्य नव्हता. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शासनाने मागवले, तेव्हा ज्या गावांची शाळा जाणार होती त्या गावांपुढे आपल्या शाळेचा कसलाच लेखा नव्हता. शाळा टिकवायची की जोडायची हा निर्णय पटाच्या एका आकड्यावर होऊ नये. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की आमच्याकडची दीड किलोमीटरची वाट बंद होते, आणि ती बंद झाली की सर्वांत आधी मुलींची शाळा सुटते.

मराठवाड्यातील कोणत्याही एका जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी प्रत्येक तालुक्यातील एका केंद्रापासून येत्या १ मे रोजी ही सुरुवात करावी. डोंगरपट्ट्यातले किंवा तांड्यांचे केंद्र आधी निवडावे, रस्त्यालगतचे नंतर. आपल्या वर्तमानपत्राने असे लेखे तालुकावार छापण्यासाठी जागा द्यावी आणि पुढच्या वर्षी त्याच केंद्राचा लेखा पुन्हा मागवावा, ही आपणास नम्र विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक पालक व शाळा व्यवस्थापन समितीचा माजी सदस्य,
जि. बीड